अवेळी बाळंतपणाचा धोका आधी कसा ओळखावा

सुरतच्या लिंबायतमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं आहेत. तपासणी सुरतेत आणि बाळंतपण माहेरी, अशी अनेकींची रीत. 37 आठवडे भरण्याआधी बाळ येण्याचा धोका ओळखायचा, तर तयारी सुरुवातीपासूनच हवी.

पाळी चुकली की अर्बन हेल्थ सेंटरमध्ये नाव नोंदवून ममता कार्ड घ्या. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करा. पुढे दिवसांचा अंदाज चुकत जातो आणि दिवस चुकले की बाकीचा हिशेबही चुकतो.

मग मागचं सगळं सांगा. आधीचं मूल अवेळी झालं होतं का, चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडला होता का, गर्भपिशवीच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली आहे का, मशेरीची सवय आहे का. सासूबाईंसमोर बोलणं जड जात असेल तर नर्सताईंना बाजूला घेऊन सांगा, पण लपवू नका. आधीचं अवेळी बाळंतपण ही धोक्याची फार मोठी खूण आहे आणि ती कळायला कुठलंच यंत्र लागत नाही. जुळं असेल तरी धोका वाढतो.

हिमोग्लोबिन, बीपी, साखर, लघवी या तपासण्या होतीलच. लघवीत जंतू निघाले तर जळजळ नसली तरी औषधाचा कोर्स पूर्ण करा.

18 ते 24 आठवड्यांत सोनोग्राफी होते तेव्हा पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायला सांगा. धोका असलेल्या बाईसाठी हे माप आतून, म्हणजे योनीमार्गातून, घेतलेलं चांगलं. आधी लघवी करून यायचं. बाळाला त्यातून इजा होत नाही. लांबी 25 मिलिमीटरपेक्षा कमी निघाली तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा पिशवीच्या तोंडाला टाका सुचवू शकतात. माप चांगलं आलं म्हणून मात्र निर्धास्त राहू नका.

माहेरी जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. तोंड आखूड असेल तर नक्कीच. कार्ड गुजरातीत असतं, म्हणून प्रसूतीची तारीख, रक्तगट आणि ते माप मराठीत लिहून सोबत ठेवा.

पोट राहून राहून कडक होणं, कंबरेत कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा आणि सुरतेत असाल तर नवी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालय गाठा. 34 आठवड्यांच्या आत बाळ येण्याची चिन्हं असतील तर त्याची फुफ्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. ती बाळ जन्मण्याआधीच द्यावी लागतात.