वाटसरूंत असेल, असे समजून…



सणाहून परतताना येशू बरोबरच्या वाटसरूंत असेल असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेली. तेव्हा तो १२ वर्षांचा होता. तो सापडला तीन दिवसांनी (लूक २:४१-५२). आपणही असेच समजून चालतो. मुलगा मित्रांत आहे, मुलगी अभ्यासाला बसली आहे, म्हणजे सगळे ठीक आहे!

खेड्याची हवा चांगली, म्हणून मुले निरोगी, असाही आपला समज असतो. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातील ५९ मुलींमध्ये आणि ३१ मुलांमध्ये रक्त कमी आढळले. अशा मुलांना थकवा येतो, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला आळस म्हणतो.

दुसरा धोका तंबाखूचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी पहिली चिमूट पुष्कळदा घरातल्याच डबीतून मिळते. "जा, काकांसाठी पुडी घेऊन ये," असे सांगून टपरीची वाट आपणच दाखवतो. लग्नाच्या मांडवात पहिला पेलाही कोणीतरी आपलाच माणूस हातात देतो.

मग मुलांना सावरते काय? १९९७ साली अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांशी आणि शाळेशी ज्यांचे जिव्हाळ्याचे नाते होते, ती मुले व्यसन, हिंसा आणि आत्महत्येच्या विचारांपासून अधिक सुरक्षित आढळली. आपल्याकडे बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शाळांत गावपातळीवरचे प्रशिक्षित समुपदेशक नेमून पाहिले. तिथे मुलांमधील नैराश्य आणि दांडगाई कमी झाली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे समुपदेशक मोठे डॉक्टर नव्हते. मुलांचे ऐकून घेणारी माणसे होती.

सद्गुण सवयीने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. दुर्गुणाचेही तसेच. म्हणून सवयीपासूनच सुरुवात करू या.

१. रात्रीचे एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. त्या वेळी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवावा.

२. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलांनी जेवणानंतर घ्यावी. तिच्यावर लगेच चहा घेऊ नये.

३. मुलांना तंबाखू, दारू आणायला पाठवू नये.

४. मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली, तर रागावण्याआधी विचारावे. सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' केंद्रात किशोरांना सल्ला मिळतो. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मोफत बोलता येते.

आम्हा धर्मगुरूंचीही चूक कबूल करायला हवी. दृढीकरण झाले की मुलांची नावे आमच्या वहीतून जातात, आणि पुढे त्यांची चौकशी आम्ही विवाहनोंदणीच्या वेळीच करतो. मधली वर्षे तर याच धोक्यांची!

मरिया आणि योसेफ माघारी फिरली, शोधत राहिली आणि सापडल्यावर त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांना ते सगळे कळले नाही. तरी तो त्यांच्याबरोबर नाझरेथ गावी आला आणि तिथेच वाढला. आज रात्री जेवताना आपणही आपल्या मुलाला एक प्रश्न विचारू या आणि त्याचे उत्तर पुरते ऐकू या.