मुलांची यादी ग्रुपवर नको गं

मोखाड्याच्या शाळेवर नेमणुकीची ऑर्डर आली म्हणून तुझा फोन आला, तेव्हा आपण खोली, पाणी आणि एसटी यांवरच बोललो. आता एक मनातलं सांगते, नीट ऐक.

तिकडे रेंज लहरी. ती आली की साठलेलं सगळं एकदम पाठवायची घाई होते आणि घोळ तिथेच होतो. केंद्राच्या ग्रुपवर 'माहिती तातडीने द्या' असा निरोप येतो. शिक्षक अख्ख्या वर्गाच्या तक्त्याचा फोटो टाकून मोकळे होतात. नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खातं, सगळं त्यात. तू माहिती सरकारी पोर्टलवरच भर. वेगळी मागितली, तर मुख्याध्यापकांमार्फत आणि लागेल तेवढीच दे.

सिकलसेलच्या तपासणीला तर फार जप. आपल्या आदिवासी भागात ती व्हायलाच हवी, पण निकालाची यादी ग्रुपवर गेली की पाड्यावर पोचायला वेळ लागत नाही. आठवीतल्या पोरीच्या नावापुढे 'वाहक' लिहिलेलं असतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण लग्न जुळवताना लोक तेवढंच धरून बसतात. कागद तिच्या आईच्या हातात दे, समजवायला आशाताईला सोबत घे.

फोटोंचंही तेच. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून त्या भागातल्या मुलांचे फोटो काढायला बाहेरून माणसं येत राहिली. वह्या वाटायला संस्था आली, तर वाटपाचा फोटो हातांचा, वह्यांचा घेऊ दे. फाटक्या शर्टातल्या पोराचा चेहरा कुणाच्या पेजवर कशाला? 'नको' म्हणायला तू बिचकू नकोस.

अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, त्याला पालकांची संमती लागते. दिवाळीनंतर निम्मे पालक वीटभट्टीवर गेलेले असतात, म्हणून आजीचा अंगठा घेऊन फॉर्म पुरा करायचा मोह होतो. तसं करू नकोस. पालक गावात असतानाच सभा घे, कागदावर काय आहे ते वाचून दाखव, नाही म्हणायचा हक्क आहे हेही सांग. आधारचंही लक्षात ठेव: ते नाही म्हणून शाळेतला प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलंय. कुणी दटावलं तर शांतपणे हेच सांग.

आणि हो, पोर्टलचा पासवर्ड ऑफिसच्या कपाटावर चिकटवलेला दिसला, तर मुख्याध्यापकांना सांगून आधी तो बदलून घे.