आधी प्रिंटर, मग लिनक्स

कोणतं लिनक्स टाकू, असं हल्ली दुकानात येणारं कोणी ना कोणी विचारतंच. मी उलट विचारतो, तुमचा प्रिंटर कोणता? समोरचा बावचळतो. त्याला उबुंटू की मिंट की फेडोरा असं एका शब्दाचं उत्तर हवं असतं.

सेलूत माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, शपथपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा असं जे काम खेड्यांतून येतं ते सगळं इथं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्यासारख्या दुकानांतली यंत्रं बहुतेक त्याआधीची, सेकंडहँड घेतलेली. ती बंद पडलेली नाहीत, फक्त नव्या विंडोजला चालत नाहीत. म्हणून जो तो लिनक्सकडे वळलाय. मी त्या तारखेच्या बराच आधी वळलो होतो, आणि त्या वाटेत जे सोसलं ते दुसऱ्याला सोसावं लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक समजून घ्या. कापसाच्या हंगामात कृषी केंद्रात बीटीची पाकिटं बघितली असतील. आतला जीन तोच, वरची नावं शेकडो, आणि प्रत्येक पाकीट म्हणतं मीच भारी. लिनक्सचंही तसंच आहे; इथल्या पाकिटांना डिस्ट्रो म्हणतात. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेलं कर्नेल सगळ्यांच्या आत आहे. फरक पडतो तो त्याभोवती काय बांधलं, अपडेट कधी आणि किती येतात, आणि मागे कोण उभं आहे यात. यूट्यूबवरची तुलना मात्र बहुतेक वेळा वॉलपेपर आणि खिडक्यांच्या नखऱ्यांवर चालते.

माझ्या दुकानात पहिलं लिनक्स आमच्या गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराने टाकलं. "काका, टेन्शन घेऊ नका, हे सगळ्यात लेटेस्ट आहे." खरंच लेटेस्ट होतं. रोलिंग पद्धतीचं, म्हणजे ज्याची ठराविक आवृत्ती नसते, नवीन सॉफ्टवेअर तयार झालं की लगेच येत राहतं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. रोज बसून अपडेट करणाऱ्या हौशी माणसासाठी ते बनवलंय. माझं दुकान तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालायचं, दिवसाला दीड जीबी. एका अपडेटमध्ये सकाळचा डेटा संपायचा, मग फॉर्म कशावर भरायचे? म्हणून अपडेट बंद ठेवलं. काही महिन्यांनी स्कॅनरसाठी एक लहानसं पॅकेज हवं होतं, तर यंत्र म्हणालं आधी सगळं अपडेट करा. आणि ते करायला गेलो तर डिजिटल सह्या जुन्या झाल्या म्हणून तेही नाकारलं. पोरगा नांदेडला, त्याची परीक्षा सुरू. बाकावर चार जण कागद घेऊन बसलेले.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या ऐकली आहे. घरच्या लॅपटॉपवर त्या बाण्याने प्रयोग खुशाल करा. पोटापाण्याच्या यंत्रावर नको.

तर पहिली गोष्ट बघायची ती मुदत. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मिळतात, २४.०४ म्हणजे २०२४ च्या एप्रिलमधली, ती २०२९ पर्यंत चालते. मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिने, तेव्हा डाउनलोड करताना एलटीएस ही अक्षरं बघूनच घ्या. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्या एलटीएसवरच बांधलेली असते, म्हणून तिचीही मुदत तशीच. डेबियन, ज्यावर उबुंटू स्वतः उभं आहे, साधारण दोन वर्षांनी नवं होतं आणि तिथेही जुन्याला पाचेक वर्षं सांभाळतात. फेडोराची आवृत्ती सुमारे तेरा महिने टिकते. फेडोरा वाईट नाही, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाला मी तेच सुचवतो, पण दरवर्षी घर बदलायची दुकानदाराला फुरसत नसते.

मुदत छापलेली असली तरी ती पाळली जाईलच असंही नाही. सेंटओएस ८ चालणार होतं २०२९ पर्यंत. डिसेंबर २०२० मध्ये ते गुंडाळायचं जाहीर झालं आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपलं. ज्यांचे सर्व्हर त्यावर होते त्यांना अल्मा किंवा रॉकी लिनक्सकडे पळावं लागलं. आपल्याला सर्व्हरशी घेणंदेणं नाही, पण मागे कोण आहे हे का विचारायचं ते यावरून कळतं. एकट्यादुकट्याने हौसेने चालवलेली देखणी डिस्ट्रो घेताना तर जास्तच.

आता प्रिंटर. माझा जुना लेझर प्रिंटर विंडोजवर बैलासारखा राबायचा. लिनक्सवर त्याचं ड्रायव्हर शोधताना घाम फुटला. मिळालं ते जुन्या बांधणीचं, आणि ते बसल्यावरसुद्धा वायर काढून परत लावल्याशिवाय पहिलं पान निघेना. डिस्ट्रो बदलून बघितली तरी रड तीच. तेव्हा कळलं की हे डिस्ट्रोच्या हातात नाही. कंपनीने ड्रायव्हर दिलं आहे का, आणि कोणत्या रूपात दिलंय, यावर सगळं ठरतं. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंमध्ये असतं. काही लहान लेझरना वरून एक प्लगइन उतरवावं लागतं, त्यासाठी बसवताना नेट चालू ठेवा. ब्रदर आपल्या प्रिंटरची ड्रायव्हर डेब आणि आरपीएम अशा दोन रूपांत देतं. डेब म्हणजे डेबियन, उबुंटू, मिंटचं घराणं. आरपीएम म्हणजे फेडोराचं. यापलीकडच्या डिस्ट्रोवर असाल तर कोणी तरी केलेल्या जुगाडावर विसंबावं लागतं. दुकानासाठी मी डेबियनच्या घराण्याबाहेर जाऊ नका म्हणतो त्याचं मोठं कारण हेच. नवे वायफाय प्रिंटर बरेचसे ड्रायव्हरशिवायच चालतात, पण नवा प्रिंटर घेणारा माणूस जुनं यंत्र वाचवायला माझ्याकडे येत नाही.

प्रिंटरनंतर मराठी, आणि इथंच बहुतेक तुलना गप्प बसतात. यंत्रावर मराठी दिसणं ही आता अडचण राहिलेली नाही; लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट सहज मिळतात. अडचण हाताची आहे. टाइपरायटरवर शिकलेला हात रेमिंग्टन मागतो, नव्या मुलांना इनस्क्रिप्ट येतं, आणि घरच्यांना इंग्रजीत लिहून मराठी उमटलेलं हवं असतं. लिनक्समध्ये आयबस नावाची व्यवस्था हे सांभाळते. तिच्यात एम-१७-एनचं पॅकेज टाकलं की मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन असे पर्याय दिसतात. हे मला कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका कारकुनांनी दाखवलं. नुसत्या हिंदी कीबोर्डवर भागवू नका, 'शेतकऱ्यांचा' लिहिताना फजिती होते. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट आणि जे या कळांवर आहे. तो सापडला की अर्जातले शेतकरी नीट उमटतात.

लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवायलाही विसरू नका. नोटो किंवा लोहित वापरताना भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे छापले जातात. गिऱ्हाइकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण कागद 'आपला' वाटत नाही एवढं तो सांगतो.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं. कृतिदेवमध्ये टाइप केलेले नमुने लिनक्सवर उघडतात, फॉन्ट बसवला की झालं, आणि टायपिंगही तसंच जमतं. फक्त ऑल्ट दाबून आकडे मारायची सवय असलेल्या अक्षरांना हात थबकतो, कारण ती युक्ती विंडोजची आहे. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधला मजकूर विंडोज हातात असतानाच युनिकोडमध्ये फिरवून घ्या. आणि बाहेरून आलेली मंगल फॉन्टमधली वर्डची फाइल थेट स्टॅम्प पेपरवर छापू नका. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्ससोबत येत नाही. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानाचं शपथपत्र दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडतं. साधा कागद वाया गेला तर काही नाही. स्टॅम्प पेपरचे पैसे माझ्या गल्ल्यातून गेले. आता आधी पीडीएफ, मग कोऱ्या कागदावर एक प्रत, मग स्टॅम्प.

मदतीला कोण आहे, ही चौथी बाब मी आता पहिल्या तीनइतकीच मानतो. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू निवडलं, त्याची न्यायालयांसाठी खास बांधणी केली आणि न्यायाधीशांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत प्रशिक्षणं घेतली. खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम एनआयसीच्या पुणे केंद्रात तयार झाली. तिकडे केरळच्या सरकारी शाळांतही उबुंटूवर बांधलेलीच व्यवस्था चालते. म्हणजे जिथे कोर्ट आहे अशा गावात उबुंटू हाताळलेला माणूस सापडायची शक्यता बरीच. माझ्याकडच्या रोलिंग डिस्ट्रोला मात्र नांदेडला गेलेल्या त्या पोराशिवाय विचारणारं कोणी नव्हतं.

यावर कोणी म्हणतं, मग आपलं स्वदेशी बॉस का नको? सीडॅकने डेबियनवर बांधलेली ही डिस्ट्रो, २००७ पासून आहे, भारतीय भाषांची सोय तिच्यात मन लावून केली आहे. अभिमान मलाही आहे. पण अडल्यावर शोधायला जाल तर उत्तरं डेबियन आणि उबुंटूच्या नावाने सापडतात, आणि नवख्याला ती आपल्या यंत्राला लावून बघणं जमत नाही. ऑफिसात बॉसचा जाणकार असेल तर जरूर घ्या.

काली लिनक्सचं एक सांगतो, कारण कॉलेजची पोरं हटकून तेच मागतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे आणि ते बनवणारेच रोजच्या वापरासाठी त्याची शिफारस करत नाहीत. ड्रॅगनचं चित्र भारी आहे, हे मान्य.

मग दुकानात काय ठेवलं? चार जीबी रॅमच्या यंत्रांवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आणि आठ जीबीच्या एकावर मिंट सिनॅमन. विंडोजची सवय असलेल्या हाताला खाली डावीकडचा मेनू लगेच ओळखू येतो, आणि टाइमशिफ्ट नावाची सोय असते, जिच्याने बिघडलेलं यंत्र कालच्या स्थितीला नेता येतं. अपडेट चालू असताना लाइट गेली की तिची किंमत कळते. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसल्याने मी ती पहिल्या दिवशीच सुरू करतो. विंडोजसारखंच रूप हवं असेल तर झोरिन बघा, त्याची १८ वी आवृत्ती विंडोज १० संपलं त्याच दिवशी आली. फार जुनं ३२ बिटचं यंत्र असेल तर त्याच्यात जीव अडकवू नका. उबुंटूने ते केव्हाच सोडलं आणि ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ नेही त्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. आणि हार्ड डिस्क जुनी असेल तर आधी एसएसडी टाका. त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही डिस्ट्रोने पडत नाही.

एक लॅपटॉप मी विंडोज ११ वरच ठेवलाय. थंबच्या मशीनसाठी लागणारी आरडी सर्व्हिस माझ्या मशीनपुरती विंडोज आणि अँड्रॉइडवरच मिळाली, आणि डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनचंही दर पोर्टलवर वेगळं नाटक असतं. लिनक्सवाले मित्र यावर नाक मुरडतात. मुरडू देत. म्हातारी बाई अंगठा द्यायला रांगेत उभी असताना मला तत्त्व सांभाळायचं नसतं.

बदलायचं ठरलंच तर लगेच डिस्क पुसू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून बघता येतं, आणि व्हेंटॉय वापरलं तर एकाच पेनड्राइव्हवर मिंट, उबुंटू, झोरिन तिन्ही ठेवता येतात. तसं चालू करून आपला प्रिंटर लावा, आपली जुनी फाइल उघडा, वायफाय लागतं का बघा, रोज लागणारी पोर्टलं उघडून एखादा अर्ज शेवटपर्यंत न्या. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनातही आहेत, फुकट. विंडोजचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल करताना 'संपूर्ण डिस्क पुसा' या पर्यायावर चुकून बोट गेलं तरी कपाटापर्यंत ते पोचत नाही.

हे सगळं दिवाळीनंतर, कापूस वेचणीत लोक गुंतलेले असतात तेव्हा करा. जुलैत तर अजिबात नको. पीकविम्याची तारीख जवळ आलेली असते, सर्व्हर आधीच रखडत असतो, आणि त्यात तुमचं यंत्र नवीन.