कुंडीत उगवलेलं ते नेमकं कोण? (गीता, अध्याय ९, श्लोक २६)



आजच्या वाचनात नवव्या अध्यायातला २६ वा श्लोक आला. पान, फूल, फळ, नाहीतर नुसतं पाणी. भक्तीने दिलेलं मी घेतो, असं भगवंत सांगतात. हा श्लोक आपल्या सगळ्यांचा लाडका, कारण खर्चात पडत नाही! पण मी गेल्या वर्षापासून त्यातल्या पहिल्याच वस्तूपाशी अडकलेय. पान. कोणतं पान? आणि मला ते ओळखू येतं का?

झालं असं. आमच्या पुण्याच्या बाल्कनीत एक तुळस होती, आजीने वाईहून आणलेली. आजी गेल्यावरही ती टिकली, पण गेल्या मे महिन्यात वाळली. आई फोनवर म्हणाली, "रडतेस काय, मंजिऱ्या तिथंच मातीत चुरड. पावसात आपोआप येईल." आणि खरंच, जूनच्या शेवटी कुंडी हिरवीगार! मी रोज पाणी घालायचे, हळदकुंकू वाहायचे, संध्याकाळी दिवा. गर्दी फार झाली म्हणून एका रविवारी जोमाने वाढलेली चार रोपं ठेवली आणि बाकीची किरकोळ, पिटुकली रोपं 'तण' म्हणून उपटून टाकली.

श्रावणात आईला व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "अगं, यात तुळस कुठंय? ही खोकली आहे. वास घेऊन बघितलास का कधी?"

नव्हता घेतला. दीड महिना पूजा केली, पण एक पान बोटांत चोळून पाहिलं नव्हतं. मोबाईलच्या ॲपला विचारलं होतं, पण त्याने एक दिवस एक नाव सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरंच. त्यालाही काय बोलणार! फूल आलेलं नसताना रोप ओळखणं कधीकधी अवघड जातं.

खोकली म्हणजेच कुप्पी, कुंड्यांमधली नेहमीची पाहुणी. (मांजरं हिच्या मुळांवर फिदा असतात. आमच्या सोसायटीचा बोका त्या कुंडीपाशी का घुटमळायचा ते मला तेव्हा कळलं!) लांबून पान तुळशीसारखं वाटतं, पण जवळून फरक साफ दिसतो. तुळशीची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी असते. दांडा बोटांत फिरवला की चौकोनी लागतो. रोप चार पानांचं असलं तरी पान चोळलं की वास येतोच. खोकलीची पानं लांब देठाची, एकाआड एक येतात. फुलाखाली दातेरी कडेची छोटी वाटी दिसली की मग शंकाच उरत नाही.

त्यानंतर मी बाल्कनीतलं काहीही नाव विचारल्याशिवाय उपटायचं नाही असं ठरवलं. आणि काय काय निघालं! तीन बदामी पानांची, चवीला आंबट ती आंबुटी. पानाच्या काडीखाली बारीक गोळ्या लटकवणारी भुईआवळी. मांसल पानांची घोळ, जिची भाजी होते. पण तिच्याच शेजारी जमिनीला चिकटून दुधीही पसरते, म्हणून देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, कढईत टाकू नका. माक्याचं फूल बारीक पांढरं असतं, पण खरी खूण म्हणजे दांडा चुरडला की थोड्या वेळात रस काळा पडतो.

सगळ्यात ओशाळले ते हरळीपाशी. वर्षभर मी ती हरळी म्हणून उपटायची आणि गणपतीत तीच दूर्वा म्हणून मंडईतून जुडी विकत आणायची. आघाड्याचंही तेच. जिवतीला माळ करायला तो शोधत फिरले आणि तो जिन्याखाली, उलट्या काट्यांचा तुरा घेऊन उभा होता. ओढणीला चिकटला तेव्हा ओळख पटली.

हे वाचून सगळंच वाढू देऊ नका हं. दवण्यासारख्या नाजूक, कातरलेल्या पानांचं आणि बारीक पांढऱ्या फुलांचं गाजर गवत दिसलं तर हातमोजे घालून, फुलं यायच्या आत उपटा. काहींना त्याने अंगावर पुरळ उठतं, दम लागतो. १९५५ च्या सुमारास त्याची नोंद आपल्या पुण्यातच झाली, हा मान आपल्याला नको होता खरंतर.

तर आजच्या श्लोकाकडे. मी आईला विचारलं होतं, "देवाला कोणतंही पान चालतं ना? मग मी खोकली पूजली तर काय बिघडलं?" ती म्हणाली, "त्याला खोकली चालली असेल गं. पण तू उपटून टाकलीस ती माझ्या आईची तुळस होती."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. भगवंताने अट घातली नाही हे खरं. पण ज्या बोटांनी मी हळदकुंकू वाहत होते, त्याच बोटांनी तुळस उपटत होते, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष मोबाईलमधल्या आरतीकडे होतं.

ती माती मी फेकली नाही. यंदा पहिल्या पावसानंतर त्याच कुंडीत पुन्हा अकरा रोपं आलीत. सातांना नाव मिळालं, सगळी खोकली. दोन अजून दोनच पानांची आहेत, काहीच सांगता येत नाही. उरलेल्या दोघांची पानं समोरासमोर आहेत. काल एक पान अगदी हलकेच चोळून बघितलं. वास होता की मला हवा होता म्हणून आला, कोण जाणे. रविवारी आई येतेय, तोवर कुंडीला हात लावणार नाही.