खेळाडू संघ बदलतो, तेव्हा गिऱ्हाईक कुणाच्या मागे जातं?

मागच्या महिन्यात सांगलीत विश्रामबागला बॅच घेतली, तेव्हा एका पार्लरवाल्या ताईंनी प्रश्न विचारला होता. व्हिडिओत त्याचं उत्तर मी घाईत दिलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय. त्यांच्याकडे चार वर्षं काम करणारी मुलगी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या पार्लरमध्ये गेली आणि तिच्या मागोमाग नेहमीच्या बऱ्याच बायकाही तिकडे गेल्या. ताई म्हणाल्या, "मॅडम, मी तिला हातात कात्री धरायला शिकवली. आता मी करायचं काय?"

हा प्रश्न मला नवा नाही, माझ्याही दुकानात हे झालंय. पण ते मला नीट कळलं क्रिकेट आणि कबड्डीमुळे. माझं दुकान खेळाच्या सामानाचं, साताऱ्यात. जर्सीवर नाव-नंबर टाकून देणं हे आमचं मोठं काम. त्यामुळे कुठला खेळाडू कुठल्या संघात गेला याची बातमी माझ्यासाठी नुसती बातमी नसते, तो स्टॉकचा प्रश्न असतो.

२०२३ चा नोव्हेंबर आठवा. हार्दिक पांड्या गुजरात सोडून परत मुंबईकडे आला. २०१५ ते २०२१ तो मुंबईतच होता, मग गुजरातचा कॅप्टन झाला, २०२२ ला पहिल्याच वर्षी कप जिंकला, २०२३ ला फायनलपर्यंत पोचला. मी म्हटलं, घरचा माणूस घरी आला, आता ३३ नंबर चालणार. वीस निळ्या टी-शर्टवर ३३ छापून ठेवले. १५ डिसेंबरला मुंबईने जाहीर केलं की रोहितच्या जागी हार्दिक कॅप्टन. रोहित २०१३ पासून कॅप्टन, त्याच्या हाताखाली पाच कप आलेले. काही तासांत मुंबईच्या इन्स्टाग्रामचे लाखो फॉलोअर्स कमी झाले. आणि माझ्या दुकानात पोरं येऊन काय विचारायला लागली? "ताई, मागचा ३३ काढून ४५ टाकून मिळेल का?" हीट प्रेसने चिकटवलेला नंबर काढला की कापडावर डाग राहतो हो. त्या वीसपैकी काही पीस अजून वरच्या फळीवर आहेत.

(यातला छोटा धडा लगेच सांगते: माणसाच्या नावाचा माल आगाऊ छापू नका. कोरा माल ठेवा, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की नाव टाका. दहा मिनिटांचं काम आहे.)

पण आजचा विषय स्टॉकचा नाही. पुढे काय झालं ते बघा. २४ मार्च २०२४ ला मुंबईची पहिली मॅच अहमदाबादला, गुजरातविरुद्ध. तिथे हार्दिकची हुर्यो झाली. ते समजू शकतो, तो त्यांना सोडून आलेला. पण १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावरसुद्धा तेच. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना पब्लिकला नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्याच मॅचमध्ये बाउंड्रीवर उभा असलेला रोहित लोकांना हाताने शांत राहायला सांगत होता.

माणूस एकच, पण राग दोन प्रकारचे होते. अहमदाबादचा राग होता 'आम्हाला सोडून गेलास' असा. वानखेडेचा राग होता 'आमच्या माणसाच्या जागेवर तुला आणून बसवलं' असा. आपण धंद्यात हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो आणि इथेच चुकतो. पहिला राग जाणाऱ्यावर असतो. दुसरा दिसायला येणाऱ्यावर असतो, पण खरं तर तो मालकावर असतो. वानखेडेवर पब्लिक ओरडत होतं हार्दिकवर, पण त्यांचा सवाल मॅनेजमेंटला होता: रोहितला का काढलं, ते आम्हाला कुणी सांगितलं? सीझन सुरू व्हायच्या आधी पत्रकारांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा कोच मार्क बाउचर आणि हार्दिक दोघंही गप्प बसले. उत्तर मिळालं नाही की लोक स्वतःचं उत्तर बनवतात, आणि ते कधीच मालकाच्या सोयीचं नसतं. त्या वर्षी मुंबई चौदापैकी चारच मॅच जिंकली आणि तळाला राहिली. हे सगळं हुर्योमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण तसल्या वातावरणात कुणाचं काम चांगलं होतं?

आता आपल्या मातीतला खेळ घेऊ. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत पहिली काही वर्षं दिल्लीकडून खेळला. २०१५ च्या हंगामात तो सर्वोत्तम चढाईपटू ठरला. मग २०१७ ला तो यू मुंबाकडे आला, तर आमच्या भागातल्या पोरांना कोण आनंद! त्याच्या पुढच्या वर्षी चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून खेळला, एका हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण मिळवले, आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. आमच्या दुकानात हळहळ झाली, पण त्याला शिव्या घातलेल्या मी तरी ऐकल्या नाहीत. उलट एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोराचं कल्याण झालं." असं का? कारण लिलाव सगळ्यांसमोर झाला. किती बोली लागली, कुणी लावली, मुंबा कुठपर्यंत गेली, सगळं टीव्हीवर. लपवाछपवी नाही. आणि ज्याला जास्त पैसे मिळतात तो जाणारच, हे आपल्या माणसाला कळतं. ऊसतोड मजुरापासून इंजिनिअरपर्यंत सगळे तेच करतात.

सांगलीकरांची गंमत तर वेगळीच. स्मृती मानधनाला फेब्रुवारी २०२३ च्या लिलावात बंगळूरने ३ कोटी ४० लाखांना घेतलं. तोपर्यंत बंगळूरशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं, ती सांगलीची माणसं बंगळूरची झाली. मार्च २०२४ मध्ये त्यांनी कप जिंकला तेव्हा सांगलीच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला, "आपण जिंकलो!" म्हटलं, आपण कधी झालो बंगळूरचे? पण तिचं बरोबर होतं. काही माणसं संघाची असतात आणि काही खेळाडूची. खेळाडूची माणसं तो जाईल तिथे जातात. त्यांना कुणी 'पळवलं' असं नसतं, ती तुमची कधी नव्हतीच.

आता माझी गोष्ट. जर्सी छापायचं मशीन आणलं तेव्हा एक मुलगा कामाला ठेवला. हात चांगला, बोलणं गोड. कोरेगाव, रहिमतपूर, कराडकडच्या मंडळांच्या ऑर्डरी तोच बघायचा. डिझाईन त्याच्या मोबाईलवर, साईजच्या लिस्ट त्याच्या मोबाईलवर, कॅप्टन मंडळी 'कुठवर आलं' विचारायला फोन करणार तेही त्याच्याच मोबाईलवर. मी गल्ला सांभाळायची आणि मनात खूश, की मला बघावं लागत नाही. तीन वर्षांनी ऐन यात्रांच्या सीझनला तो दुसऱ्या दुकानात गेला. पगार जास्त होता, आणि मी दोन वर्षं त्याचा पगार वाढवला नव्हता. हे आज लिहितेय, तेव्हा कबूल केलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका. पहिला महिना गिऱ्हाईकांना सांगितलंच नाही. "तो सुट्टीवर आहे" म्हणायचे. लोकांना बाहेरून कळलं. मग चिडून सांगायला लागले की तो असा होता, तसा होता. एका मंडळाचा कॅप्टन ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण एवढा वाईट होता तर आमच्या तीन वर्षांच्या ऑर्डरी त्याच्याकडे का दिल्या?" मला तोंड उघडता आलं नाही. त्या सीझनला नेहमीच्या अकरा मंडळांपैकी सात तिकडे गेली. आणि नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी थेट मुख्य टेबलावर बसवला, आमच्या जुन्या मदतनीस काकांच्या डोक्यावर. काकांचं तोंड महिनाभर फुगलेलं. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, हा कोण?" काका म्हणायचे, "मालकिणीला विचारा." माझ्या अडीचशे फुटाच्या दुकानातलं वानखेडे!

त्या मुलाकडून आधी लिहून घ्यायला हवं होतं की इथून सुटल्यावर आसपास हेच काम करायचं नाही, असं मला कितीजणांनी सुचवलं. बॅचमध्येही हे हमखास विचारतात. लिहून घेतलं असतं तरी उपयोग नव्हता. १८७२ चा आपला करार कायदा आहे, त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला त्याचा कायदेशीर धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. नोकरी चालू असताना त्याने दुसऱ्याचं काम करू नये, हे तुम्ही घालू शकता. सोडून गेल्यावर नाही. गिऱ्हाईकांची यादी किंवा डिझाईनच्या फाईली उचलून नेणं हा वेगळा मामला, पण तेव्हाही आधी ती यादी तुमच्याकडे असायला हवी ना? माझ्याकडे नव्हती.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चाललंय. तिथे कॉलेजच्या संघाचे चाहते म्हणजे आपल्याकडच्या गावच्या तालमीसारखे, पिढ्यान्‌पिढ्या एकच कॉलेज. पूर्वी खेळाडूने कॉलेज बदललं की त्याला साधारण वर्षभर मॅच न खेळता बसावं लागायचं. २०२१ पासून एकदा बदलायला ती अट राहिली नाही. त्याच वर्षी जाहिराती वगैरेतून स्वतःच्या नावावर कमवायची मुभाही मिळाली. २०२४ पासून तर अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला. जुने चाहते वैतागलेत, दरवर्षी अर्धा संघ नवा, नावं पाठ होईपर्यंत पोरं गेली! पण कोचलोकांनी काय केलं? जे शहाणे होते त्यांनी रडणं थांबवलं आणि खेळाडू जाणारच असं धरून संघ बांधायला घेतला. आपल्याला तेच करायचंय.

मग मी काय बदललं? दुकानाचा वेगळा नंबर घेतला, बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप त्यावर. ऑर्डर त्या नंबरवर आली तरच ती ऑर्डर. प्रत्येक मंडळाचं वहीत एक पान: रंग, कापड, अक्षराचा प्रकार, साईजची लिस्ट, कॅप्टन कोण, गेल्या वेळी तक्रार काय होती. हे शेवटचं फार कामाचं. कॅप्टनने न सांगता आपण म्हटलं की "मागच्या वेळी बाही आखूड झाली होती, या वेळी बघून घेते", तर गिऱ्हाईक दुकानाचं होतं. प्रत्येक मंडळाशी दुकानातली दोन माणसं बोलतात, एकटा कुणी नाही. आठवड्यातून दोन फोन मी स्वतः करते, पैशाचं काही न बोलता. आणि दिवाळीच्या आधी पगाराचं बोलणं मीच काढते, समोरच्याने काढायची वाट बघत नाही.

आणि माणूस गेला तर त्याच दिवशी सांगायचं, आपण स्वतः, साध्या शब्दात. मी आता असा मेसेज टाकते: 'आमच्याकडचा अमुक आता दुसरीकडे काम करतो. त्याला शुभेच्छा. तुमची डिझाईन आणि मापं आमच्याकडे आहेत, या वेळी ऑर्डर मी बघतेय.' चौथं वाक्य नको. नवा माणूस आणला तर आधी जुन्यांना, मग गिऱ्हाईकांना, का आणला ते सांगायचं. आमच्या काकांनाच मी आता नव्याची ओळख करून द्यायला लावते. काका म्हणाले "पोरगं चांगलं आहे", की माझ्या दहा मेसेजचं काम होतं.

हार्दिकचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. २९ जून २०२४, वर्ल्डकपची फायनल, शेवटची ओव्हर, सोळा रन वाचवायचे, आणि बॉल त्याच्या हातात. भारत सात रनने जिंकला. ४ जुलैला विजयाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून त्याच वानखेडेवर आली आणि तिथे त्याच्याच नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत! दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात ३३ मागायला पोरं आली, पण त्यांना हवा होता भारताचा ३३. माझे मुंबईचे निळे तसेच राहिले.

माझ्या सातपैकी चार मंडळं पुढच्या दोन वर्षांत परत आली. तीन अजून त्या मुलाकडेच आहेत. तो चांगलं काम करतो. परवा हीट प्रेसची प्लेट बिघडली, तेव्हा मेकॅनिकचा नंबर त्याच्याकडूनच घेतला.

तर पार्लरवाल्या ताई, आणि तुम्ही सगळे: आज रात्री दुकान बंद केल्यावर एक कागद घ्या. तुमची नेहमीची वीस गिऱ्हाईकं लिहा. प्रत्येकापुढे लिहा की ते दारातून आत येताना कुणाचं नाव घेतं, आणि त्याचा फोन नंबर कुणाच्या मोबाईलमध्ये आहे. दोन्हीकडे एकाच कामगाराचं नाव पाचपेक्षा जास्त वेळा आलं, तर उद्या त्याच्याशी पगाराचं बोला आणि परवा त्या पाचांना स्वतः फोन करा. कागदाचा फोटो पाठवलात तर पुढच्या रविवारच्या लाइव्हला त्यातले तीन-चार आपण एकत्र बघू. नावं झाकून पाठवा मात्र.