ब्लॉग सावकाश उघडतो? आधी कॅश बघा

प्रश्न : कोथळीगड आणि खांडसहून भीमाशंकर या वाटांची माहिती देणारा वर्डप्रेसचा ब्लॉग मी स्वतःच्या होस्टिंगवर चालवतो. मोबाइलवर पान उघडायला फार वेळ लागतो. सोपं कॅशिंग प्लगइन कोणतं घ्यावं?
– एक वाचक, कशेळे (ता. कर्जत)

उत्तर : वाचक आला की वर्डप्रेस डेटाबेसमधून मजकूर काढून पान नव्याने जुळवतं. कॅशिंग प्लगइन ते तयार पान साठवून पुढच्या वाचकाला तेच देतं.

आधी होस्टिंगवाल्याला सर्व्हर कोणता ते विचारा. लाइटस्पीड असेल तर मोफत 'लाइटस्पीड कॅश' घ्या. अपाचे किंवा एनजिनएक्स असेल तर 'डब्ल्यूपी सुपर कॅश' पुरे. त्यात 'कॅशिंग ऑन' निवडून बदल जतन करा आणि 'टेस्ट कॅश' दाबा; दोन्ही वेळा मिळालेल्या पानांवरची वेळ एकच दिसली की काम झालं. 'डब्ल्यूथ्री टोटल कॅश' दमदार आहे, पण सेटिंग्जचं जंगल आहे. 'डब्ल्यूपी रॉकेट'ला पैसे पडतात.

पान साठवणारं प्लगइन एकच ठेवा, दोन एकमेकांच्या पायात येतात. लॉगइन असताना बहुधा कॅशविना पान दिसतं, म्हणून तपासणी इन्कॉग्निटोमध्ये करा. पावसाळ्यात वाटेची माहिती बदललीत आणि जुनंच पान दिसलं, तर कॅश रिकामी करा.

मात्र मोबाइलवरचे चार-पाच एमबींचे फोटो जसेच्या तसे चढवत असाल, तर कॅशने ते हलके होणार नाहीत. रुंदी 1200 पिक्सेलवर आणून, दाबूनच चढवा. प्लगइनआधी हे काम उरका.