आधी रॉड बघा

वरंध घाट चढताना शॉकअपची परीक्षा होत नाही. वाघजाईच्या देवळापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवर कुंथत येते, वेगच नसतो. खरी परीक्षा तिथून माझेरीकडे उतरताना. वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबला की नाक खाली जातं, ते वर येऊन थांबायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि मागचं चाक रस्ता धरायचं सोडून नाचायला लागतं. नाचणारं चाक ब्रेक घेत नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीने हे सगळं एकाच उतारावर केलं, आणि तेही चारही शॉकअपचं काम नुकतंच करून आणलेलं असताना. मागून ‘टण्ण’ आवाज झाला, गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली. कुणाला लागलं नाही. ही एवढंच म्हणाली, “एस.टी.ने आलो असतो तर?”

पुढचे दोन शॉकअप दुरुस्त केलेले होते आणि मागचे दोन नवे कोरे. म्हणजे जुनंच नीट करावं की सरळ नवं घालावं, या वादातल्या दोन्ही बाजू एकाच गाडीत हरल्या. म्हणून हे लिहितोय. जुन्या गाडीवाल्यांत या प्रश्नावर दोन तट असतात आणि दोघेही हट्टाने बोलतात. मला तो वाद भावनेचा वाटतच नाही. माझी नोकरी बिरवाडीच्या एमआयडीसीत पंपांची सील बदलण्यात गेली. शाफ्ट खराब असेल तर जगातलं कुठलंही सील टिकत नाही, हे तिथे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. शॉकअप म्हणजे तोच मामला, फक्त गरगर फिरायच्या ऐवजी खालीवर.

गाडी सासऱ्यांची. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या तेव्हा ती त्यांच्या दारात उभी होती. पाणी उतरल्यावर सीटवरसुद्धा गाळ होता. इंजिन, वायरिंग, ब्रेक, सगळं ओळीने झालं. शॉकअप शेवटी राहिले, कारण ते दिसत नाहीत आणि गाडी त्यांच्याशिवाय चालतेही. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने काम अंगावर घेतलं. पुढचे ‘रिकंडिशन’, मागच्यांना ‘दुसऱ्या गाडीचे बसतात, काळजी नको’.

घाटातल्या प्रकारानंतर चारही काढून घरी फळीवर मांडले. पुढच्यांची वरची मुडपलेली कड लेथवर कापून, आटे पाडून, टोपी बसवली होती. ते काम चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. आत मात्र गिअर ऑईलसारखं जाड तेल. जाड तेलाचा शॉकअप हाताने ओढून दाखवला की गिऱ्हाईक खूश होतं, केवढा कडक! पण पिस्टनच्या झडपांची भोकं ठरावीक पातळ तेलासाठी असतात. खडबडीत रस्त्यावर चाक झटपट खालीवर होतं, तेवढ्या वेगाने जाड तेल भोकांतून जाऊच शकत नाही, मग अख्खं चाकच उचललं जातं. पुढे तापलं की तेच तेल पातळ होऊन सीलमधून वाट काढतं.

आणि सील तर आधीच गेलेलं. रॉड चकचकीत दिसत होता, पण अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवलं तर मध्यावर चारेक बोटांच्या पट्ट्यात ते खडखडत होतं. पुरानंतर गंजाचे टोचे पडले होते. कुणीतरी पॉलिश पेपरने घासून गंजाचा रंग घालवला होता, खड्डे तसेच. नव्या सीलचा ओठ त्या खड्ड्यांनी सोलून काढला. ही जागाही बघण्यासारखी आहे. उभ्या गाडीचा शॉकअप अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली चार महिने हलली नाही, की बाहेरचा तेवढाच भाग दमट हवेत राहतो आणि सीलच्या लगतच गंजतो. गाडी चालायला लागल्यावर सीलमधून सगळ्यात जास्त ये-जा त्याच भागाची. पूर आला नाही तरी आमच्याकडे रॉड असेच मरतात. त्यामुळे पावसाळ्यात गाडी चालवायची नसली तरी अधूनमधून आवारात पुढेमागे घ्या, चारही कोपरे हाताने दाबून हलवा आणि धूळ-कव्हर फाटलं असेल तर बदला.

तर दुरुस्तीला द्यायच्या आधी फक्त रॉड बघा. नख अडखळलं नाही आणि रॉड सरळ असेल, तर सील, बुश आणि योग्य तेल एवढ्यावर जुना शॉकअप पुन्हा उभा राहतो. नख अडखळलं तर रॉडला हार्ड क्रोम करून ग्राइंड करावं लागतं, आणि तो खर्च बहुतेक वेळा नव्या शॉकअपच्या आसपास जातो. तो करावा का? नवा शॉकअप मिळतच नसेल, तर जरूर करावा. बेबी हिंदुस्तान, म्हणजे मॉरिस मायनर, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुढे फारसा पर्यायही नसतो. तिच्या पुढच्या चाकांचा शॉकअप नळीसारखा नसून दांड्याचा असतो, आणि तो दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात असतो. तो फेकून भलतंच काही बसवायचं म्हणजे चाकाची भूमितीच बदलायची.

पद्मिनीचं तसं नाही. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी, १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती रस्त्यावर राखली. टॅक्सीमुळे कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत तिचे भाग सहज मिळायचे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळीपिवळी पद्मिनी बंद झाली. आता दुकानदार माळ्यावरून जुने खोके काढतात, ‘कंपनीचा ओरिजिनल, वापरलेला नाही’. हा माल बघून हुरळून जाऊ नका. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या शॉकअपमधलं रबर न वापरताही कडक झालेलं असतं, आणि खोका दमट माळ्यावर असेल तर रॉडही गंजलेला असतो. दुकानातच मागून घ्या, उभा धरा, पूर्ण ओढा, पूर्ण दाबा, चार-पाच वेळा. आडव्या पडलेल्या शॉकअपमध्ये हवा शिरलेली असते, ती आधी निघू द्या. त्यानंतरही मध्येच कुठे हात मोकळा पडला, तर तो खोक्यात परत घाला.

मागच्या दोन नव्यांची गोष्ट वेगळी. ते उत्तम होते, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीसाठी. कड्या जुळल्या, बोल्ट गेले, म्हणून बसवले. पद्मिनीच्या मागे पाटे आहेत, आणि खड्ड्यात पाटे वर दबले की चाकाचा वरचा प्रवास रबरी स्टॉपरने थांबायला हवा. आमच्या नव्यांची दाबलेली लांबी जास्त असल्याने स्टॉपरच्या आधी शॉकअपच आतून टेकत होता. घाटात चार माणसांचा भार, वर खड्डा. डावीकडची वरची कडी तुटली, तोच तो ‘टण्ण’. उलटही होतं. ओढलेली लांबी कमी असेल तर चाक लोंबकळलं की अख्खा ॲक्सल शॉकअपवर टांगला जातो आणि आतला पिस्टन उखडतो.

दुसऱ्या गाडीचा शॉकअप घालायचाच असेल तर दुकानात जायच्या आधी दोन मापं घ्या. बॉडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबकळल्यावर वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर, आणि ॲक्सल रबराला टेकलेला असताना तेच अंतर. नवा शॉकअप ओढल्यावर पहिल्यापेक्षा इंचभर तरी लांब आणि दाबल्यावर दुसऱ्यापेक्षा इंचभर तरी आखूड हवा. शिवाय जीपचे घालू नका, मिळतात सहज म्हणून. ते जड गाडीच्या हिशेबाने कडक असतात.

कोपरा दाबून गाडी किती वेळा डुलते ते बघायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे कॉईल स्प्रिंग असल्याने तिथे ती थोडीफार चालते. मागे ती फसवते. गंजलेले पाटे एकमेकांवर घासून स्वतःच डोलणं थांबवतात, मेलेला शॉकअपही ठणठणीत वाटतो. मागचे शॉकअप खालचा बोल्ट सोडून हातानेच तपासायचे.

तुटलेल्या कडीवर एका मेस्त्रीने जागेवरच वेल्डिंग मारायची तयारी दाखवली होती. हे कधीही करू देऊ नका. तेलाने भरलेली बंद नळी तापली की आत दाब वाढतो, ती फुटू शकते. आणि गॅसचा शॉकअप तर उघडायचाच नसतो.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, शॉकअप बदलले तर गाडीचं जुनेपण जातं का. केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले, त्यातला कटाक्ष चासी, बॉडी आणि इंजिनात केलेल्या फेरफारांवर आहे. स्पर्धेतले परीक्षक मात्र वाकून बघतात. म्हणून जुने शॉकअप भंगारात देऊ नका. रॉडला ग्रीस चोळून, उभे, गुंडाळून ठेवा. उद्या क्रोम करणारा चांगला माणूस भेटला तर तेच उपयोगी पडतील.

आमच्या गाडीत आता पुढचे जुनेच आहेत, क्रोम केलेले, शॉकअपचंच पातळ तेल घातलेले. मागचे मापाने निवडलेले नवे. एका बाजूचाच बदलण्याचा मोह झाला होता, कारण उजवा धडधाकट होता, पण एका ॲक्सलवर दोन वेगळ्या ताकदीचे शॉकअप ठेवले तर वळणात गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते. बसवताना बुशांचे नट आधी हातानेच लावले, गाडी चाकांवर उतरवून माणसं आत बसवली आणि मग आवळले. लोंबकळत्या चाकावर आवळलं की रबर कायम पिळलेलं राहतं.

नंतर घाट उतरून माझेरीला थांबून चारही शॉकअपना हात लावून बघितला. चालता शॉकअप खडबडीत उतारावर तापतो, थंड राहिला तो काम करत नाही. तिघे चांगले गरम होते, पुढचा उजवा जरा कोमट. त्याच्या सीलजवळ तेलाचा ओलसर थरही आहे, थेंब नाही. थराला मी घाबरत नाही, थेंब पडला की उघडायचा. सीलचा जादा जोड घरात आणून ठेवला आहे, पण ते काम दिवाळीनंतर.